सफरचंदाला कळी धरवायची आहे (कोरेगाव, सातारा)

मळेकरी, ४ डिसेंबर

नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यात आमचा विहिरीवरचा मळा आहे. ऊस, आलं आणि थोडा घेवडा. बांधाच्या आतल्या मुरमाड पट्ट्यात सफरचंदाची मोजकी झाडं लावलीत, या जातींची: अण्णा, डोर्सेट गोल्डन आणि एचआरएमएन-९९. कलमं हिमाचलातून आली, लेबलवर खुंट (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात तो) एमएम-१११ लिहिलेला होता. झाडांना आता तिसरं वर्ष सरतंय.

अंगानं झाडं जोरात आहेत, डोक्याच्या वर गेलीत. पण फांद्या सगळ्या सरळ आभाळाकडं. पावसाळ्यात खालच्या पानांवर तपकिरी ठिपके पडले आणि बरीच पानं गळाली. त्यानंतर गणपती ते दसरा या दिवसांत इकडंतिकडं चार-दोन फुलं दिसली, ती टिकली नाहीत. आता पुन्हा नवी पालवी आहे आणि थंडी सुरू झालीय.

मामांची तासगावला द्राक्षबाग आहे. ते म्हणतात जोरात छाट, पेस्ट लाव, फुटेल. शेजारचे म्हणतात की इथं फळ येणारच नाही, झाडं काढून झेंडू लाव. मला या उन्हाळ्यात या झाडांना फळ बघायचंय आणि ते कशामुळं येतं हे समजूनही घ्यायचंय. छाटू का? ताण देऊ का? पानं काढायची असतात असंही ऐकलंय, ती कधी आणि कशी?

---

पाचवड_फाटा, ४ डिसेंबर

झाडं काढू नका ताई. आमच्या भावकीत एकाकडं अण्णाला फळं आलेली स्वतः खाल्लीत. फोटो टाका म्हणजे जाणकारांना सांगता येईल.

---

निवृत्त_कृषी, ५ डिसेंबर

ताई, तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे, पण त्याआधी थंडीचा हिशेब समजून घ्या.

सफरचंदाचं झाड हिवाळ्यात पानं टाकून झोपतं. त्या झोपेतून उठायला त्याला ठरावीक थंडी मिळावी लागते. ७ अंशांच्या खाली पारा किती तास राहिला, यावर ती मोजतात. सिमला-किन्नौरकडच्या रेड डेलिशससारख्या जातींना असे १,००० ते १,२०० तास लागतात. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, एखाद्या रात्री त्याहून खाली जातो आणि दुपारी २८-३० अंशांवर चढतो. ही दुपारची ऊब रात्री साठलेली थंडी खोडून काढते. म्हणून रेड डेलिशस इथं लावली तर पानं अर्धवट फुटतात, काही डोळे (फांदीवरचे कोंब) मिटलेलेच राहतात आणि फूल येत नाही. शेजारी म्हणतात ते त्या जातींपुरतं खरं आहे.

तुमच्या जाती वेगळ्या आहेत. अण्णा ही इस्राएलमध्ये ऐन शेमर किबुत्झवर १९५० च्या दशकात तयार झाली. तिला २००-३०० तास पुरतात. डोर्सेट गोल्डन बहामा बेटांवरची, तिथं बर्फ कुठला पडायला! तिला त्याहूनही कमी थंडी चालते. एचआरएमएन-९९ आपल्याच देशातली. बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी ती १,८०० फुटांवर वाढवली. हिमाचलात एवढ्या खाली सफरचंद होईल असं कुणी मानत नव्हतं. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण २०० तासही कोरेगावात भरत नाहीत. मग फळ कसं येतं? याचं उत्तर विषुववृत्ताजवळ आहे. इंडोनेशियात पूर्व जावामध्ये मलंगजवळ बाटू नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथं हिवाळाच नाही, तरी सफरचंदाच्या बागा आहेत आणि शेतकरी वर्षाला दोन पिकं घेतात. ते झाडाला गाढ झोपूच देत नाहीत. फळ काढल्यावर साधारण महिन्याभरात सगळी पानं हातानं काढतात आणि फांद्या वाकवून बांधतात. पानं गेली की डोळ्यावरचा पानाचा दाब सुटतो आणि तयार असलेली कळी फुटते.

"तयार असलेली" या शब्दांवर जोर देतो. कळी जानेवारीत तयार होत नाही. ती आदल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात पानांनी केलेल्या अन्नावर डोळ्याच्या आत घडते. तुमची पानं पावसात ठिपक्यानं गळाली, म्हणजे झाडानं स्वतःच पानं काढल्यासारखं झालं आणि घडलेल्या कळ्यांतल्या काही दसऱ्यापर्यंत उमलून गेल्या. त्यामुळं उरलेल्या किती आहेत ते आधी बघावं लागेल.

---

मळेकरी, ५ डिसेंबर

काका, अवेळी फुलं का आली हे आज कळलं. मी तर ती चांगली खूण समजत होते. उरलेल्या कळ्या ओळखायच्या कशा?

---

निवृत्त_कृषी, ५ डिसेंबर

सकाळच्या उन्हात फांदी हातात धरून बघा. नुसत्या पालवीचा डोळा बारीक, टोकदार आणि सालीला चिकटून बसलेला असतो. फुलाचा डोळा जाडसर, टोकाला बोथट, अंगावर करडी लव असलेला आणि फांदीपासून जरा सुटा उभा असतो. बहुतेक वेळा तो बोटाच्या पेरापेक्षाही आखूड अशा काडीच्या शेंड्यावर असतो. त्या आखूड काडीवर आडव्या वळ्या पडलेल्या दिसतात. तिला फळकाडी म्हणा. एकच फळकाडी वर्षानुवर्षं फळ देते, म्हणून ती जपायची. अण्णाला वर्षाच्या काडीवरही फुलं येतात, हा तिचा मोठा गुण. तुमची झाडं तरुण असल्यानं यंदा बरीचशी फुलं अण्णावरच दिसतील.

---

तासगाव_बागायतदार, ६ डिसेंबर

ताई, मामांचं चुकत नाही, ते द्राक्षाचं सांगतायत. आमच्याकडं एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. दरसालच्या नव्या काडीवर घड येतो, म्हणून जुनं सगळं काढून टाकायचं. तोच हात सफरचंदावर चालवला तर फळकाड्या सगळ्या जमिनीवर येतील. वर झाड चिडून पुन्हा लांब लांब सोटे टाकील. काकांनी सांगितलेल्या आखूड काड्यांना कात्री लावायचीच नाही. वाळलेलं, एकमेकांत घुसलेलं आणि मधोमध उभं चढलेलं तेवढंच काढा.

छाटण्यापेक्षा वाकवा. द्राक्षात आम्ही काडी तारेवर आडवी बांधतो तेव्हा मागचे डोळेपण फुटतात, हे तुमच्या मामांना पाठ असेल. सफरचंदाची उभी फांदी सुतळीनं ओढून जवळजवळ आडवी केली की तिचा वाढीचा जोर मोडतो आणि ती फळाकडं वळते. सुतळी सालीत रुतू देऊ नका, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. खालच्या फांद्यांपासून सुरुवात करा. जून फांदी एका दमात वाकवली तर बेचक्यात फाटते, आठवड्या-आठवड्यानं थोडी थोडी ओढा.

आता पेस्टबद्दल. त्यातलं डोळे फोडणारं औषध, हायड्रोजन सायनामाइड, बाहेरच्या देशांत कमी थंडीच्या भागात सफरचंदावर वापरतात हे खरं, पण त्याचं प्रमाण द्राक्षापेक्षा खूप कमी असतं आणि डोळा फुगायच्या आधीच लागतं. द्राक्षाच्या मापानं लावलं तर कळी जळून जाईल. चार झाडांसाठी तर त्याच्या नादाला लागूच नका. ज्यांच्या घरात हे औषध आहे त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो: पेस्टिंगच्या आधी आणि नंतरचे काही दिवस दारूचा थेंबही घ्यायचा नाही, हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडायचा नाही. दरवर्षी ऑक्टोबरात हे सांगावं लागतं आणि दरवर्षी कुणीतरी दवाखान्यात जातो. गड्यांनाही समोर बसवून सांगा.

---

माणदेशी_डाळिंब, ६ डिसेंबर

आटपाडीकडचा आहे. डाळिंबाला बहर धरताना आम्ही पाणी तोडून ताण देतो आणि इथरेल हे औषध फवारून पानगळ करतो. इथं तसंच चालेल का? हातानं पानं काढत बसायचं म्हणजे लई वेळखाऊ काम.

---

निवृत्त_कृषी, ७ डिसेंबर

दादा, डाळिंब ताण सोसणारं झाड आहे, सफरचंद तेवढं सोसत नाही. ताईंचा पट्टा मुरमाड, पाणी लगेच निचरतं. पाणी पूर्ण तोडलं तर फळकाड्याच वाळायच्या. आतापासून नत्र बंद आणि ठिबकचं पाणी निम्म्यावर. जुनी पानं जरा निस्तेज, कडक झाली की पुरे.

इथरेल तरुण झाडावर नको. मात्रा जराशी जास्त झाली तर पानाबरोबर कळीही जाते. मोजक्या झाडांना कात्री बरी. पान ओढून काढायचं नाही, ओढलं की खालची साल सोलून येते आणि बगलेतला डोळा दुखावतो. देठ अर्धा ठेवून पान कापायचं. उरलेला देठ आठवडा-दहा दिवसांत आपोआप गळतो. शेंड्याकडची कोवळी पालवीही काढा, ती ठेवली तर सगळा रस तिकडंच ओढला जातो.

वेळ डिसेंबर अखेर ते जानेवारीचा पहिला आठवडा. याच्या आधी नको, कारण जी काही थोडी थंडी मिळते ती मिळू द्या. फार उशीरही नको. फेब्रुवारीत फूल आलं तर फळ जूनच्या सुरुवातीला तयार होतं. मार्चात फूल गेलं तर फळ धरायच्या वेळी ऊन तापलेलं असतं आणि फळ ऐन पावसात सापडतं. पानं काढून झाली की एकदा बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारा, खोडाला बोर्डो पेस्ट लावा आणि मग पाणी पूर्ववत करा.

---

जावळीची_लेक, ७ डिसेंबर

माझं माहेर जावळीत, मामाचं घर महाबळेश्वरजवळ. सगळ्यांना वाटतं की महाबळेश्वरात थंडी आहे म्हणजे सफरचंद तिथंच येणार. थंडी आहेच. वेण्णा लेकच्या काठी कधी कधी पहाटे दव गोठतं. पण उंची १,३७० मीटर असून पाऊस पाच-साडेपाच हजार मिलिमीटर. जून ते सप्टेंबर पान कधी कोरडं होत नाही. काकांनी सांगितलं की कळी पावसाळ्यातल्या पानावर घडते, आणि तिथं नेमकं तेच पान ठिपक्यानं जातं. माझ्या मते कोरेगाव, खटाव, माण इकडचा कमी पावसाचा पट्टाच या झाडाला जास्त मानवेल. थंडी कमी आहे तर त्यासाठी जाती आहेत, पावसाला जात नाही.

आणि मधमाश्यांचं कुणी बोललंच नाही. सफरचंदाला परागकण दुसऱ्या जातीचे लागतात. अण्णा स्वतःच्या परागावर थोडं सेट होतं, पण शेजारी डोर्सेट असेल तर फळ भरतं आणि आकारही सरळ येतो. दोन्ही जवळपास एकाच वेळी फुलतात, म्हणून जगभर ही जोडी लावतात. ताई, तुमच्याकडं दोन्ही आहेत हे फार चांगलं झालं. नेमकी हीच गोष्ट लोक विसरतात आणि एकच झाड दारात लावून दहा वर्षं वाट बघतात.

उसाच्या शिवारात फेब्रुवारीत माशांना फार काही नसतं. आत्ताच बांधाला कोथिंबीर आणि मोहरी टाका, तेव्हा फुलात येईल. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. त्या पट्ट्यात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या घरोघरी आहेत. फुलोऱ्यापुरती एखादी पेटी आणून ठेवता आली तर उत्तमच. आणि फूल उमलल्यापासून पाकळ्या गळेपर्यंत कीटकनाशकाचा पंप झाडाजवळ नेऊ नका. शेजारच्या रानातल्या फवारणीचंही आधी बोलून घ्या.

---

पलूस_ऊसवाला, ९ डिसेंबर

धागा मन लावून वाचतोय. माझा विचार दोन एकर ऊस मोडून सफरचंद करायचा आहे. एका रोपवाटिकेनं पाचशे रोपांचा दर दिलाय, वर फळ येईल याची हमी. हिमाचलचा माल जुलैपासून पुढं येतो, जूनमध्ये आपलं फळ आलं तर दर मिळेल असं गणित आहे. जमीन काळी, नदीकाठची.

---

निवृत्त_कृषी, ९ डिसेंबर

थांबा. आधी मातीचा नमुना तपासा, मग रोपवाल्याशी बोला.

जूनचं गणित कागदावर बरोबर आहे. पण तुमची जमीन नदीकाठची काळी. सफरचंदाला सामू (मातीचा पीएच) ५.५ ते ६.८ च्या आसपास लागतो. आपल्या भारी काळ्या जमिनी आठच्या आगेमागे असतात, त्यात चुनखडी. लोह असूनही झाडाला मिळत नाही आणि नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पलूस-वाळवा भागात किती जमीन क्षारपड झालीय हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघता, आणि सफरचंदाला क्षार अजिबात सोसत नाहीत. त्यात पावसाळ्यात आठ दिवस बुंध्याशी पाणी उभं राहिलं की बुंधा सडतो. एमएम-१०६ खुंट तर त्याला फारच लवकर बळी पडतो.

हमी देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: जात कोणती, खुंट कोणता, कलम आहे की बियांचं रोप. बियांचं रोप आईसारखं निघत नाही. सरळ उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशात ठेवा.

माझा कळकळीचा सल्ला: उंचवट्यावर निचऱ्याची जागा असेल तिथं दहा झाडं लावा. त्यात दोन-तीन जाती. चार वर्षांनी त्या झाडांकडं बघून दोन एकराचं ठरवा. ऊस मोडायला काही वेळ लागत नाही, पुन्हा लावायलाही लागत नाही, पण घरचा पैसा आणि चार वर्षं परत येत नाहीत.

---

तासगाव_बागायतदार, ९ डिसेंबर

काकांना पूर्ण दुजोरा. आमच्या भागात एकानं व्हिडिओ बघून एकरभर रोपं लावली. निम्म्या रोपांना कलमाचा सांधाच नव्हता, नुसती बियांची. त्या रोपवाटिकेचा फोन पुढं लागला नाही. सांधा हातानं चाचपून बघितल्याशिवाय रोप गाडीतून उतरवूच नका. आणि लावताना तो सांधा मातीच्या वर वीतभर राहिला पाहिजे, नाहीतर वरच्या भागाला मुळं फुटतात आणि खुंटाचा फायदा गेला.

---

पलूस_ऊसवाला, १० डिसेंबर

मनापासून आभार काका. माळावरची दहा गुंठे मोकळी जागा आहे, तिथं सुरुवात करतो. ऊस राहू दे.

---

मळेकरी, ९ जानेवारी

थोडी माहिती द्यायला आले. वर्षाअखेरीला पानं कापली, देठ ठेवून. फांद्या बांधल्या. मामा स्वतः आले होते. फळकाडी दाखवली तर म्हणाले, "ही तर ठेवायचीच की." उसाचं पाचट झाडाखाली चांगलं जाड अंथरलंय, बुंध्यापासून हातभर लांब. देठ गळाले आणि आता अण्णाचे डोळे फुगलेत, टोकाला रुपेरी लव दिसते. एचआरएमएन अजून शांत आहे.

एका फांदीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतंय. बोटानं चिरडलं तर लाल डाग पडतो. हा उसावरचा लोकरी मावा इकडं आला का?

---

निवृत्त_कृषी, ९ जानेवारी

नाही, हा वेगळा. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर आला आणि सगळ्यांची झोप उडवून गेला तो उसाचा. हा सफरचंदाचा, बहुधा कलमांबरोबरच येतो. फांदीवर गाठी करतो आणि खाली मुळांवरही जातो. तुमच्या खुंटाचं इथं काम आहे. इंग्लंडमध्ये मॉलिंग-मर्टन (एमएम) खुंट तयार केले तेच मुळात या माव्याला दाद न देणारे म्हणून. त्यामुळं मुळं सुरक्षित, वरचं तेवढं बघायचं. जुन्या टूथब्रशला साबणाचं पाणी लावून घासून काढा. मग निंबोळी तेल. कळी उमलायच्या आत हे उरका.

---

मळेकरी, ६ फेब्रुवारी

फुलं आली!

आज सकाळी अण्णावर पहिला झुबका पूर्ण उमलला. एका झुबक्यात पाच-सहा कळ्या. बाहेरून गडद गुलाबी, उमलल्या की आतून पांढऱ्या, कडेला गुलाबी झाक राहते. मधली कळी आधी उमललीय, बाकीच्या तिच्याभोवती अजून मिटलेल्या. डोर्सेटचीही सुरुवात झालीय. मोहरी बरोबर वेळेवर फुलली आणि तिच्यावरच्या सातेरी झाडावर येतायत. एचआरएमएनवर फक्त दोन झुबके आहेत. सासूबाई रोज सकाळी देवपूजेआधी तिकडं चक्कर मारतात.

आता पुढं काय करू? सगळी फुलं ठेवायची का?

---

जावळीची_लेक, ६ फेब्रुवारी

किती आनंद झाला वाचून! फोटो बघून घरातल्या सगळ्यांना दाखवला.

मधमाशी कमी वाटली तर दहा ते बाराच्या दरम्यान मऊ ब्रशनं डोर्सेटचा पराग अण्णाच्या फुलांवर फिरवा, आणि उलटंही. ज्या फुलाच्या मधल्या पिवळ्या तंतूंवर भुकटी मोकळी झालीय तेच घ्या.

---

तासगाव_बागायतदार, ७ फेब्रुवारी

फुलं सगळी राहू द्या, पण फळ ठेवताना मन घट्ट करा. द्राक्षात मण्यांची विरळणी करतो तसंच हे काम आहे. फळ बोराएवढं झालं की झुबक्यात एकच ठेवायचं. बहुतेक वेळा मधल्या फुलाचंच सगळ्यात जोमदार असतं. दोन फळांत वीतभर अंतर. एक फळ नीट पोसायला तीस-चाळीस पानं लागतात, आणि तुमच्या झाडावर पालवी आत्ता कुठं येतेय. जी फांदी मनगटापेक्षा बारीक आहे आणि शेंड्याकडं फळ धरतेय तिला टेकू द्या. एचआरएमएनची दोन झुबक्यांतली फळं यंदा काढलेली बरी, त्या झाडाला आधी अंग धरू द्या.

---

मळेकरी, १९ मार्च

विरळणी केली. काढलेली फळं पाटीत बघून जीव तुटला, पण राहिलेली आठवड्यात डोळ्यादेखत फुगली. आता प्रश्न उन्हाचा. दुपारी पारा ३७ च्या पुढं जातोय आणि पश्चिमेकडच्या दोन फळांवर फिकट पिवळा चट्टा आलाय.

---

माणदेशी_डाळिंब, १९ मार्च

हे आमच्या रोजच्या कामातलं. चट्टा उन्हाचा आहे. पश्चिमेच्या बाजूला हिरवी जाळी तिरकी बांधा. झाडावर पूर्ण झाकू नका, वारा कोंडतो. फळाच्या वरचं एकही पान काढू नका. खोड आणि जाड फांद्यांना चुना लावा, साल तडकत नाही. पाणी एकदम भरपूर आणि मग चार दिवस बंद असं करू नका, त्यानं फळ गळतं आणि तडकतं. मुरमाड जमिनीत रोज थोडं, पहाटे. पाचट आहे म्हणून तुमचं निम्मं पाणी वाचेल, पण त्याखाली वाळवी बघत राहा.

फळाला कागदी पिशव्या घालाल तर राघू आणि फळमाशी दोन्हीपासून सुटका.

---

मळेकरी, २ मे

काल वळवाबरोबर गारा आल्या, पाच-सात मिनिटंच, पण आल्या. जाळी बांधलेल्या बाजूची फळं वाचली. उघड्या बाजूची काही फुटली, ती काढून टाकली. डोर्सेट पिवळी पडू लागलीय. अण्णा हिरवीच आहे, उन्हाकडच्या गालावर जरा तांबूस.

---

निवृत्त_कृषी, २ मे

गारांच्या जखमेतून कूज शिरते, काढलीत ते योग्य केलंत. लाल रंगाची फार वाट बघू नका. तो रंग गार रात्रींनी चढतो आणि मेमध्ये कोरेगावच्या रात्री गार नसतात. फळ तयार झालं का ते एक कापून बघा: बी तपकिरी झालं असेल आणि सालीचा हिरवा रंग फिकट पिवळसर झाला असेल तर काढा. फळ उचलून हलकं वळवलं की देठासकट सुटलं पाहिजे. ओढून फळकाडी मोडू नका, पुढच्या वर्षीचं फळ तिच्यावरच आहे.

---

मळेकरी, ५ जून

फळं उतरवली. डोर्सेट आधी आली, अण्णा आत्ता. मोठं फळ तळहात भरून आहे, बाकीची मध्यम. अण्णा लांबट, कुरकुरीत, गोडीबरोबर स्वच्छ आंबटपणा. बाजारातल्या मेण लावलेल्या फळाला जो वास नसतो तो याला आहे, खोलीत ठेवलं तरी दरवळतं. दोन-तीन दिवस बाहेर ठेवलेलं मात्र लगेच पिठूळ झालं, त्यामुळं बाकीची फ्रिजमध्ये ठेवलीत. शेजारच्यांना एक करंडी दिली. झेंडूचं बोलणारे काका कलमाला अण्णाची काडी मिळेल का विचारत होते.

आता पाऊस तोंडावर आहे. पुढं काय करायचं ते एकदा सगळं सांगा, कारण माझ्या लक्षात आलंय की खरं काम आताच आहे.

---

निवृत्त_कृषी, ५ जून

ताई, फार समाधान वाटलं. हो, काम आताच आहे. या चार महिन्यांत पान टिकलं तर जानेवारीत कळी आहे.

पाऊस लागायच्या आत झाडाखालचं पाचट बाजूला ओढा आणि बुंध्याशी माती उतरती करा, पाणी साचता कामा नये. कुजकं शेणखत किंवा लेंडीखत आता द्या, युरिया नको. नाहीतर पुन्हा सगळं आभाळाकडं पळेल. मधून जे सोटे निघतील ते कोवळे असतानाच खुडा. उघडीप मिळाली की मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम, पानाच्या खालच्या बाजूलाही. ठिपक्याची गळालेली पानं रोजच्या रोज उचलून लांब पुरा, झाडाखाली कुजू देऊ नका, तिथूनच रोग पुन्हा वर चढतो. फांद्यांची बांधणी सैल करून पुन्हा बांधा, पावसाळ्यात फांदी जाड होते.

---

पलूस_ऊसवाला, ६ जून

ताई, अभिनंदन! माळावर खड्डे घेऊन ठेवलेत, मातीचा सामू सात आला. मलाही अण्णा आणि डोर्सेटच्या काड्या मिळतील का?

---

मळेकरी, ६ जून

नक्की देईन दादा, पण आता नाही. वर्षाअखेरीला पानं कापताना पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या काढून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते. तोवर तुमचे खुंट रुजलेले असू द्यात. शेजारच्या काकांचा नंबर तुमच्या आधी लागलाय.